जागच्या जागी

६ तारीख, मंगळवार

लेकीचा पाय प्लॅस्टरमध्ये आणि माझं डोकं लायब्ररीत, अशी आजपासून घरातली वाटणी झाली आहे.

गेल्या आठवड्यात ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून घसरली. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाय जमिनीला टेकवायचा नाही. इकडे तिच्या प्रबंधाला विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ याच महिन्याच्या तीस तारखेला संपते. त्या दिवशी प्रबंध पोचला नाही तर नोंदणी रद्द, आणि सहा वर्षांचं काम पाण्यात. प्रबंध जुन्या काळच्या दायांवर आहे, म्हणजे दवाखाने नव्हते तेव्हा घरोघर जाऊन बाळंतपणं करणाऱ्या बायकांवर. त्यावर सहा वर्षं लिहिण्यासारखं काय असतं, हे विचारायचं मी सोडून दिलं आहे. विचारलं की ती ओठ मिटून घेते.

राहिलेली पुस्तकं आणि लेख कॉलेजच्या लायब्ररीतून कुणीतरी शोधून आणायला हवेत. ती मैत्रिणींना फोन लावत बसली होती. मी म्हटलं, मी आहे की. आयुष्यभर बसडेपोचं स्टोअर सांभाळलं, डोळे मिटून हात घातला तरी हवा तो बोल्ट निघायचा. पुस्तकं म्हणजे तरी काय, वाचता येणारे स्पेअर पार्टच. लेकीने आणि तिच्या आईने एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं ते मीही पाहिलं.

तिच्या सरांनी चिठ्ठी दिली, तिच्यावर मला वाचकाचं कार्ड मिळालं. स्टोअरमध्ये रोजची नोंद लिहायची सवय होती. निवृत्त झाल्यापासून नोंदावं असं काही घडतच नव्हतं. आता ही वही काढली आहे. पेनमध्ये शाई भरलेली होती, नशीब.

७ तारीख, बुधवार

भंबेरी उडाली.

लेकीने कागदावर पुस्तकाचा नंबर लिहून दिला होता, ३९२.१२. मी थेट रॅकपाशी गेलो. ३९२.५ दिसलं, मग ३९२.६. म्हटलं चला, पुढे सरकत गेलं की बारा येणारच. आलंच नाही. ३९३ सुरू झालं. मागे आलो, पुन्हा पुढे गेलो, वरचा खण पाहिला, वाकून खालचा पाहिला. कंबर बोलायला लागली तेव्हा काउंटरवाल्याकडे गेलो आणि सांगितलं की तुमचं पुस्तक चोरीला गेलंय. तो उठून आला आणि पाचाच्या कितीतरी आधीच्या फळीवरून पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणे टिंबानंतरचा आकडा सबंध वाचायचा नसतो, एकेक सुटा वाचायचा. म्हणून बारा आधी आणि पाच नंतर.

मी वाद घातला नाही. पण आमच्या स्टोअरमध्ये बारा म्हणजे बाराच असायचे.

दुसरं म्हणजे या दाया एका जागी राहत नाहीत. काही दाया औषधांच्या मजल्यावर, काही चालीरीतींच्या, आणि काही 'स्त्रिया' म्हणून वर गच्चीखालच्या मजल्यावर. बाई एकच, काम एकच, मग तीन मजले कशाला? काउंटरवाला म्हणाला, पुस्तक कुणाबद्दल आहे यापेक्षा कशासाठी लिहिलं आहे ते बघतात. मी मान हलवली. कळलं काहीच नाही.

घरी आलो तर चहा तयार.

९ तारीख, शुक्रवार

पुस्तकं झाली, आता लेख. लेख पुस्तकात नसतात, नियतकालिकांत असतात. वर्षभराचे अंक एकत्र शिवून जाड खंड करतात आणि तळमजल्याच्या मागच्या दालनात ठेवतात. लेकीला हवं आहे ते एक बंद पडलेलं त्रैमासिक. कॉम्प्युटरवर त्याचं नुसतं नाव दिसतं, आत काही नाही. खंड फक्त याच लायब्ररीत उरले आहेत.

कागदावर लिहिलं होतं, अंक तिसरा, पान २४१. तिसरा अंक जेमतेम बोटाएवढा जाड, त्याला २४१ पानं कुठून असणार? अर्धा तास लेकीला मनातल्या मनात बोल लावले. मग दिसलं की पानांचे आकडे वर्षभर सलग चालतात, पहिला अंक संपतो तिथून दुसरा मोजायला लागतो. शेवटी लेख सापडला तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं.

त्या दालनात पाटी आहे: 'वाचून झालेले खंड कृपया टेबलावरच ठेवावेत.' आणि मुलं ती अगदी मनापासून पाळतात. प्रत्येक टेबलावर दोन-चार खंड पसरलेले, एक तर उघडाच पालथा घातलेला. आळशांच्या सोयीसाठी लायब्ररीने पाटी लावावी, याचं नवल वाटलं. डेपोत एखाद्याने पाना असा टाकला असता तर मी त्याला उभा केला असता.

माझा खंड मी जिथून घेतला तिथे नेऊन ठेवला, पाठ फळीच्या कडेला बरोबर लावून. जाता जाता मुलांचे पाच-सहा खंडही जागच्या जागी लावले. जरा बरं वाटलं.

१२ तारीख, सोमवार

लेकीने माझे फोटो नापास केले. लेखाची पानं मोबाइलवर टिपून आणली होती. प्रत्येक पानावर माझा अंगठा. ती म्हणाली, बाबा, संदर्भसूचीत तुमच्या अंगठ्याचंही नाव घालावं लागेल. आई-लेकी खूप हसल्या. मीही हसलो, नंतर.

आज पुन्हा जाऊन अंगठा बाजूला ठेवून टिपले.

आमची ही संध्याकाळी खुर्चीतच पेंगायला लागते. दिवसभर घरातच तर असते. तीन माणसांचं घर, सगळं जागच्या जागी, दमायला काय होतं कळत नाही. वय झालं असेल.

१४ तारीख, बुधवार

त्या त्रैमासिकाचा मला नाद लागलाय. लेकीचं काम उरकलं तरी बसून वाचतो. एका लेखात एका दाईने सांगितलंय की अडलेल्या बाईच्या घरी गेल्यावर आधी ती घरातल्या पुरुषांना कुठल्यातरी कामाला लावायची. पाणी आणा, लाकडं फोडा, कंदील पुसा. काम खरं असायचं असं नाही, पण दारात येरझाऱ्या घालणारा नवरा तिला चालायचा नाही. हे मी घरी येऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, तो लेख मी तीन वर्षांपूर्वीच वाचलाय बाबा. पण खूश दिसली. मग जेवणं होईपर्यंत आम्ही दायांवरच बोलत होतो. सहा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

दालन आता माझ्या हातात आलंय. दुपारी चारनंतर मुलं उठून जातात, मग मी सगळी टेबलं मोकळी करतो. खंडांवरची वर्षं आता मला पाठ आहेत. बंद व्हायच्या सुमाराला नियतकालिकांच्या बाई येतात. दुकानात बिल करताना असतं तसलं मशीन त्यांच्या हातात असतं. टेबलावर काही सापडलं की त्यावर ते धरतात, टीं वाजतं. आज त्या अख्ख्या दालनात फिरल्या आणि एकदाही टीं वाजलं नाही. बाईंनी मशीन हलवून पाहिलं. चोरी-बिरी पकडायला असेल ते. मी निघता निघता म्हटलं, आज तुमचं काम मी हलकं केलंय. त्यांना ऐकू गेलं नसावं.

१९ तारीख, सोमवार

सरांचा फोन आला होता. लेकीचा चेहरा उतरला आहे.

तिचं तिसरं प्रकरण एका दाईच्या बोलण्यावर उभं आहे. प्रकरणाचं नावच 'नावाचा मोह नसलेल्या बायका'. ते बोलणं तिने एका जाडजूड पुस्तकातून घेतलं, आणि त्या पुस्तकाने या त्रैमासिकातून. सर म्हणतात, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून चालणार नाही, मूळ लेख पाहून ते शब्द ताडून बघ, परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवेल. मूळ लेख मिळाला नाही तर प्रकरण काढून टाक म्हणाले. प्रकरण काढलं तर प्रबंधात राहतं काय? ती दिवसभर छताकडे बघत पडली होती.

मी जाड पुस्तकात दिलेलं वर्ष घेऊन गेलो. त्या वर्षाच्या खंडात तो लेख नाही. पुढच्या वर्षात नाही, मागच्याही नाही. म्हणजे पुस्तकातच वर्ष चुकीचं छापलंय. आता एकच उपाय, सगळे खंड एकेक करून चाळायचे. निम्मे आज झाले, निम्मे राहिले.

एक गंमत. त्रैमासिकाच्या सगळ्या खंडांच्या पाठीवर आज लाल टिकल्या चिकटवलेल्या दिसल्या. आमच्या स्टोअरमध्ये लाल टिकली म्हणजे रोज लागणारा माल, कधी संपू द्यायचा नाही असा. शेवटी यांनाही या खंडांचं मोल कळलं म्हणायचं. घरी सांगितलं, पण लेकीचं लक्ष नव्हतं.

२० तारीख, मंगळवार

लेकीला ताप. लायब्ररीत गेलो नाही. औषध आणलं.

२१ तारीख, बुधवार

काय लिहू कळत नाही.

सकाळी दालनात गेलो तर त्रैमासिकाची फळी रिकामी. धूळ पुसल्याच्या खुणा तेवढ्या होत्या. मला वाटलं मी चुकीच्या रांगेत आलो. मागे जाऊन पुन्हा मोजत आलो. तीच रांग, तीच फळी.

बाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, लाल टिकलीचे खंड बाद झालेत. जागा कमी पडते, म्हणून वर्षातून एकदा महिनाभर मोजणी असते, आणि जे कुणीच वाचत नाही ते काढून टाकतात. हे त्रैमासिक तर गेल्या मोजणीतही शून्य होतं, म्हणून या वेळची मोजणी संपायची वाट न बघता आधीच काढलं. आता गठ्ठे बांधून खाली कोठारात आहेत, समितीची सही झाली की रद्दीत जातील.

माझा आवाज चढला. म्हटलं, कुणी वाचत नाही कसं? मी रोज वाचतो. दोन आठवडे रोज येतो मी इथे.

"मग वाचून झाल्यावर टेबलावर का नाही ठेवलंत?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, मी शिस्तीचा माणूस आहे, घेतलेली वस्तू जागेवर ठेवतो.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "आम्ही टेबलं मोजतो. टेबलावर सापडलं ते वाचलं. फळीवर आहे ते वाचलं नाही. दुसरं कसं कळणार आम्हाला?"

मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी विचारलं, बाकीच्या टेबलांवरचे खंड पण तुम्हीच उचलत होता का? या महिन्यात अख्खं दालन शून्यावर आलं होतं. त्यांनी वरती लिहूनही दिलं होतं की मुलं आता कागदावरचं वाचतच नाहीत.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन आठवडे मी रोज तिथे बसून लेकीचेच खंड रद्दीच्या रस्त्याला लावत होतो, आणि वर स्वतःवर खूश होत होतो. घरी काय सांगायचं या विचाराने बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसलो. घरी गेल्यावर लेकीने विचारलं, मिळाला का? मी म्हटलं, उद्या. तिने अजून एकदा विचारलं असतं तर मला रडू फुटलं असतं.

२२ तारीख, गुरुवार

बाईंनी कोठाराची किल्ली दिली. स्वतःही आल्या.

दिवा एकच, तोही दारापाशी. गठ्ठे सुतळीने बांधून एकावर एक रचलेले. सगळी नियतकालिकं एकमेकांत मिसळलेली, रसायनशास्त्रावर दाया आणि दायांवर शेअर बाजार. इथे माझं स्टोअरचं डोकं काही कामाचं नव्हतं, कारण इथे कशालाच जागा नव्हती. नुसते गठ्ठे सोडत गेलो. बाई अनुक्रमणिका वाचायच्या, मी खंड उचलायचो. दुपारी त्यांनी त्यांच्या डब्यातलं अर्धं मला दिलं.

लेख सापडला तो एका पाठ फाटलेल्या खंडात. जाड पुस्तकात दिलेल्या वर्षापेक्षा किती लांब! जीव भांड्यात पडला. फोटो काढले. घाईत अंगठा पुन्हा आलाच. पान मात्र दिव्याखाली धरून मी तिथेच वाचलं, आणि गोंधळलो.

जाड पुस्तकात त्या दाईचं बोलणं असं आहे: 'बाळ रडलं की आमचं काम संपलं. हात धुवायचे, कोपरा पुसायचा, आणि आपण आलो होतो याची खूणही मागे ठेवायची नाही.' तिथे पूर्णविराम. लेकीनेही तेवढंच घेतलंय.

पण मूळ लेखात ती बाई थांबतच नाही. पुढे म्हणते: 'सासूने तेच शिकवलं, मी तेच केलं. आता तुम्ही विचारता, किती बाळंतपणं केलीत? कोण सांगणार? खूण ठेवली असती तर कुणीतरी मोजलं असतं.'

मी ते बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाल्या, पुन्हा वाचा.

२३ तारीख, शुक्रवार

लेकीला पान दाखवलं. तिने दोनदा वाचलं, फोन उशीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, एवढं शोधून आणलं आणि मीच हिचं प्रकरण बुडवलं. आई तिच्या केसांवरून हात फिरवत बसली.

मग लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, ही बाई तक्रार करतेय. आणि मी इतकी वर्षं तिचं कौतुक करत बसलेय."

मी म्हटलं, मग ते वाक्य गाळ. जाड पुस्तकवाल्याने गाळलंच की. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून पाणी आणायला गेलो. संध्याकाळी ती उशा रचून उठून बसली आणि तिसऱ्या प्रकरणाचं नाव खोडलं. नवीन काय द्यायचं विचारलं तर म्हणाली, अजून माहीत नाही. एवढ्या थोड्या दिवसांत अख्खं प्रकरण उलटं लिहून होतं का? मला काही समजेनासं झालंय. पण ती लिहिते आहे.

काल खाली कोठारात कोट धुळीने माखला होता. आज खुंटीवर स्वच्छ होता.

२७ तारीख, मंगळवार

समिती शुक्रवारी बसणार आहे. बाई म्हणाल्या, मोजणी गुरुवारपर्यंत आहे, आणि तोवर टेबलावर जे सापडेल ते मोजावंच लागतं, नियम नियम असतो. एवढंच म्हणून त्या निघून गेल्या, किल्ली माझ्यासमोर टेबलावर विसरून.

मी त्रैमासिकाचे खंड वर आणले. एका खेपेत जमेना, दम लागला. पण मी ते नुसते आणून टाकले नाहीत. मी काही खोटी नोंद करणारा माणूस नाही. एकेक उघडला, त्यातला एकेक लेख वाचला, आणि मगच टेबलावर ठेवला. सगळा कळला असं मुळीच नाही. एक लेख सगळा तक्त्यांचाच होता, तोही वाचला.

चार वाजता मुलं नेहमीप्रमाणे पसारा टाकून गेली. माझे खंड पण पसरलेले. हात नुसते शिवशिवत होते. एक खंड तर कडेला आला होता, पडला असता. तेवढा आत सरकवला. बाकी सगळं तसंच टाकून दाराकडे चाललो, एकदा मागे वळलो, आणि पुन्हा दाराकडे चाललो. जिन्यात असताना मागून मशीनचा आवाज यायला लागला. टीं, टीं, टीं. थांबेचना.

उद्या आणि परवा पण जायचं आहे.

३० तारीख, शुक्रवार

प्रबंध गेला. प्लॅस्टर अजून निघालेलं नाही, म्हणून सकाळी लेकीला खुर्चीत बसवून मी आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तिला जिन्याने उतरवत होतो. ती वरून सूचना देत होती आणि प्रबंध मांडीवर धरून बसली होती. सरांनी तिसरं प्रकरण काल पाहिलं. म्हणाले, हे आधी कुठे होतं? तिने प्रकरणाचं नाव ठेवलंय 'कुणीतरी मोजलं असतं'. आभाराच्या पानावर माझ्या अंगठ्याचं नाव आहे. मला वाटलं होतं ती थट्टा करत होती.

त्रैमासिकही वाचलं. पुढच्या मोजणीपर्यंत तरी राहील. बाईंनी फोन करून सांगितलं आणि म्हणाल्या, येत जा. मी म्हटलं, येईन, पण आवरणार नाही.

संध्याकाळी घरी आलो. लेक दमून झोपली होती. चहा तयार होता. कप उचलला आणि उगाच इकडेतिकडे बघत राहिलो. ओटा कोरडा, भांडी पालथी, माझे उद्याचे कपडे घडी करून खुर्चीवर, लेकीच्या औषधांच्या गोळ्या वाट्यांत वेगवेगळ्या काढलेल्या. रोज असंच असतं. कोण करतं हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? पण आज कुठे बघू ते कळेना.

ही माझा रिकामा कप उचलायला आली. मी म्हटलं, राहू दे तो तिथेच. आणि विचारलं, "आज दिवसभर काय काय केलंस?"

तिचा हात थांबला. "का? काय राहिलं?"

काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. तेच कसं सांगायचं ते मला सुचेना. म्हटलं, राहिलं काही नाही, नुसतं विचारतोय. तिला वाटलं टोमणा मारतोय. लेकीशी भांडलात का म्हणून विचारलं, बरं नाही का म्हणून विचारलं. मी पुन्हा तेच म्हटल्यावर तिने पदराला हात पुसले. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि पहाटे उठल्यापासून सांगायला लागली.

मी ही वही पुढे ओढून लिहून घ्यायला बसलो. मागचं सगळं पान तेच आहे. हे पानही भरत आलं, आणि ती अजून दुपारपर्यंत पोचलेली नाही.